अळणी पाणी

२ एप्रिल, रविवार

तलाव उघडला. फीत कोणीही कापली असेल, तलाव माझ्या भाषणाने उघडला. हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कोणी लिहिणार नाही.

वसाहतीचा हा पोहण्याचा तलाव कंत्राटदाराच्या ताब्यात होता तेव्हा त्यात क्लोरीन बादलीने ओतलं जायचं. मुलं डोळे चोळत घरी यायची. त्याविरुद्ध मी जिन्याजिन्यात बोललो, फाटकावर बोललो, पाण्याच्या टाकीखाली उभा राहून बोललो. कंत्राटदार गेला, रहिवाशांची समिती आली, मी अध्यक्ष झालो, आणि मिठाच्या पाण्याचं यंत्र बसलं. आज शेवटी मी हात उंचावून म्हटलं, "आजपासून या पाण्यात विषाचा थेंब नाही. आज समुद्र तुमच्या दारात आला आहे." टाळ्या पडल्या. अशा टाळ्या मला युनियनचं पुढारीपण आणि कारखान्याचं फाटक सुटल्यापासून ऐकू आल्या नव्हत्या.

मग बेकरीवाल्याने उडी मारली. त्याला सगळे पाणघोडा म्हणतात, तोही स्वतःला तसंच म्हणवून घेतो. तो तळाशी गेला, वर आला, ओठ चाटले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काका, समुद्र अळणी आहे."

लोक हसले. चड्डीवर ताटकळत माझं भाषण ऐकणारे लोक पोट धरून हसले. खुर्चीत काठी घेऊन बसलेली ही, माझी बायको, तीसुद्धा तोंडावर हात ठेवून हसली. मला दिसलं.

५ एप्रिल, बुधवार

पाण्याची तपासणी मेहुणीकडे आहे. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाली आणि अजूनही समोरचा माणूस नापास व्हायलाच आलाय अशा नजरेने बघते. नळातून पाणी आत येतं त्या तोंडापासून लांब जाऊन ती कोपरापर्यंत हात बुडवते, पेलाभर पाणी घेते आणि त्यात एक कागदी पट्टी उभी करते. पट्टीवर पांढरी रेघ मुंगीच्या चालीने वर चढते. थांबली की तो आकडा तक्त्याशी ताडायचा. आज बत्तीसशे निघाले. म्हणजे दहा लाख भाग पाण्यात बत्तीसशे भाग मीठ. माणसाच्या अश्रूंतसुद्धा याहून जास्त असतं, म्हणाली.

मी विचारलं, मग याला खारं पाणी कशाला म्हणायचं? तिने फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं समजावलं. मीठ जिभेसाठी नाही, यंत्रासाठी आहे. यंत्रातल्या पत्र्यांतून वीज जाते आणि मिठाचंच क्लोरीन बनतं, थोडं थोडं, दिवसभर. त्यानेच पाणी स्वच्छ राहतं. "भाऊजी, तुमच्या शत्रूला तुम्हीच घरात घेतलंय," ती म्हणाली. "फक्त त्याला आता शिस्त आहे."

हा शिकलेल्यांचा शब्दांचा खेळ आहे. मिठातून निघेल ते मीठच. वर्षभर मी ज्याच्याविरुद्ध घसा कोरडा केला तेच आत आहे, पण बारीक करून, असं आता लोकांना सांगत फिरू?

ही आज उथळ बाजूला उतरली. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून जमिनीवर तिला काठीशिवाय दोन पावलं जमत नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, पाण्यात चालवा, पाणी वजन उचलतं. कठड्याला धरून ती भिंतीच्या कडेने गेली, आली. परत जाताना ओरडली, "अहो, हात सोडला. बघताय ना?"

बघतोय, म्हटलं. पाणघोडा पलीकडे चार-पाच जणांना काहीतरी सांगत होता आणि ते हसत होते. मी तिकडे बघत होतो.

११ एप्रिल, मंगळवार

आज कळलं. मला अळणीराव म्हणतात.

दुकानात रांगेत उभा होतो. मागे एका बाईने मुलीला विचारलं, हे कोण गं? मुलगी हळू म्हणाली, "अळणीराव." हळू म्हणाली म्हणून जास्त लागलं.

ज्या माणसाच्या बोलण्याने तीन पाळ्यांचे कामगार एका वेळी उन्हात बसले, ज्याच्यासाठी मालकांनी भोंगा वाजवत ठेवला की आवाज पोचू नये, त्याला हे नाव. माझ्या भाषणाला लोकांनी जहाल म्हटलं, भडकाऊ म्हटलं, एकाने विषारी म्हटलं. अळणी कोणी म्हटलं नव्हतं.

हिला सांगितलं. ती पायाला तेल चोळत होती. म्हणाली, "बरं आहे की. पूर्वी शिव्या द्यायचे. वय झालं तुमचं, लोक आता लाडाने बोलतात." आणि आज तलावाची मधली रेघ ओलांडली म्हणून सांगत राहिली. कठडा न धरता. पाणघोडा पाठीमागून चालत होता, न जाणो तोल गेला तर, म्हणून.

त्याला कोणी सांगितलं होतं?

१६ एप्रिल, रविवार

मेहुणी लेकीच्या बाळंतपणाला गेली. जाण्याआधी कोठीची किल्ली माझ्या हातात ठेवली पण लगेच सोडली नाही. "भाऊजी, मिठाला हात लावायचा नाही. पाणी खाली गेलं तर नुसतं पाणी सोडा. ऊन लागलं की पाणी उडतं, मीठ उडत नाही. जेवढं घातलं तेवढं तिथंच राहतं. एकदा जास्त झालं की पाणी उपसून टाकण्याशिवाय इलाज नाही." रोज पट्टी लावा आणि आकडा फोनवर सांगा, असंही सांगून गेली.

तिच्या मागे जिना उतरताना मला वाटलं, या घरात मला सूचना न देणारं माणूस एकच उरलंय, तो आरसा.

१९ एप्रिल, बुधवार

आज केलं.

दुपारी तलाव बंद असतो, आवारात चिटपाखरू नसतं. आधी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. पट्टीचा आकडा कागदाला कळतो, पाणी माणसाच्या तोंडात जातं. एखादा ऐकायला आलेला माणूस झोपला तर दोष त्याच्या झोपेचा का माझ्या भाषणाचा? मी नेहमी स्वतःचा मानला. हे पाणी लोकांना अळणी लागतंय, तर दोष पाण्याचा.

कोठीतलं मिठाचं एक पोतं कडेने फिरवत ओतलं. मीठ तळाशी जाऊन वाळूच्या पट्ट्यासारखं पसरलं. थांबून चाखलं. फरक नाही. दुसरं ओतलं. पुन्हा चाखलं. तसंच. मग मी मोजत बसलो नाही. कोठीच्या डाव्या भिंतीचा सगळा थर संपला तेव्हा खांदे भरून आले होते, आणि पाणी अजून जिभेवर काही बोलत नव्हतं. रिकामी पोती जुन्या गाद्यांमागे सारली. लपवली नाहीत, फक्त वाटेत नकोत.

संध्याकाळी मेहुणीचा फोन आला. नात झाली. पट्टी किती, विचारलं. बत्तीसशे, म्हटलं. कालचा आकडा होता, खोटा नव्हता.

२० एप्रिल, गुरुवार

आज उतरलेल्या प्रत्येक माणसाने ओठ चाटले. खारट! पोस्टातला कारकून म्हणाला, वा, आता कसं समुद्रावर आल्यासारखं वाटतं. दोन मुलं पाणी थुंकत हसत होती. मी कठड्याजवळ खुर्ची टाकून बसलो आणि कोणी काही विचारलं नाही तरी उत्तर देत होतो. रात्रभरात तळाचं मीठ विरघळलं होतं. विचारांचंही असंच असतं. आज पेरलं की लगेच चव लागत नाही.

यंत्राच्या खोलीत तांबडा दिवा लागला होता आणि कसलासा किर्रर्र आवाज येत होता. ही यंत्रं अशीच असतात. आठवड्याला काहीतरी मागतात, म्हणजे कंपनीचा माणूस येत राहतो. पंप चालू ठेवला, यंत्राचं बटण बंद केलं. शांत झालं. आणि मग विचार आला की चला, आता खरोखरच त्या पाण्यात विषाचा थेंब नाही. मी उद्घाटनाला जे बोललो ते आज खरं झालं.

रात्री जेवताना ही म्हणाली, "तुमच्या चपलांवर पांढरं कसलं आलंय?"

धूळ, म्हटलं.

"धूळ अशी कडेकडेने नक्षी काढत नाही," म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

२३ एप्रिल, रविवार

प्रचंड गर्दी, प्रचंड ऊन. पाणघोडा बाहेर आला, टॉवेल खांद्यावर टाकून माझ्यापाशी उकिडवा बसला. आवाज खाली आणून म्हणाला, "काका, मीठ जास्त झालंय. माझी जीभ पिठात मुरलेली आहे, मला लगेच कळतं. हा पाव असता तर सगळा घाणा टाकून द्यावा लागला असता. बाईंना एकदा फोन करता का?"

अळणी होतं तेव्हा याने चारचौघांत सांगितलं. आता खारट झालं तर कानात सांगतो. मी त्याच्याकडे फक्त बघितलं. तो उठून गेला, आणि जाताना हिला पाण्यातून वर यायला हात दिला.

२६ एप्रिल, बुधवार

पाणी थोडं धुरकट आहे. पोस्टातला कारकून तळाची निळी रेघ दिसत नाही म्हणत होता. मी म्हटलं, समुद्राचा तळ कधी दिसला होता तुम्हाला? तो हसला, पण उतरला नाही.

समितीच्या पहिल्या महिन्याचा समारंभ रविवारी आहे. भाषण लिहायला घेतलं. सुरुवात जमत नाही.

२९ एप्रिल, शनिवार

भिंतींना हिरवी झाक आली आहे. कोपऱ्यात बोटाने खरवडलं तर नखात आलं. मला एक शंका येते आहे आणि ती मी आज पहिल्यांदा लिहितो. मी घातलं ते प्रमाणात होतं. प्रत्येक पोत्यानंतर चाखलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी एवढं खारट कसं झालं? म्हणजे माझ्यानंतर कोणीतरी घातलं. कोणाकडे मिठाची पोती असतात? कोणाला जास्त झाल्याचं सगळ्यांत आधी कळलं?

क्षणभर दुसराही विचार आला होता. तो टिकला नाही.

ही आज पायरीवरून परत फिरली. म्हणाली, "अहो, पायरी बुळबुळीत झालीये. ब्रशने घासून घ्या ना कोणाकडून तरी. मला भीती वाटते." उद्या समारंभ झाला की बघतो, म्हटलं. भाषणाची सुरुवात जमली होती आणि ती हातातून जायला नको होती.

३० एप्रिल, रविवार

ही पडली.

मी बोलत होतो. लोक काठाभोवती उभे होते. तिला माझ्या भाषणाआधी पाण्यातून चालून दाखवायचं होतं, काठीशिवाय, सगळ्यांसमोर. मीच म्हटलं होतं, नंतर. पण ती कधी उठली कळलं नाही. दुसऱ्या पायरीवर तिचा पाय सटकला. आवाज झाला तो पाण्याचा नव्हता.

कपड्यांसकट पाणघोडा आत गेला. हिरव्या पाण्यातून त्याने तिला लहान मुलासारखी उचलून आणली. मी माईक हातात धरून उभा होतो. तो घरघरत होता आणि मला तो बंद करता येईना.

खुब्याचं हाड मोडलं आहे.

४ मे, गुरुवार

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालेल का ते आत्ता सांगता येत नाही. गुडघ्याच्या वेळी असं म्हणाले नव्हते.

मेहुणी परवा आली. थेट तलावावर गेली. पेल्यात पट्टी उभी केली, आणि मी पाहत होतो, पांढरी रेघ तक्त्यावरचे सगळे आकडे ओलांडून पट्टीच्या टोकाला जाऊन भिडली. मग ती यंत्राच्या खोलीत गेली आणि बटण बघून बाहेर आली.

"हे कोणी बंद केलं?"

ते ओरडत होतं, मी म्हटलं.

"ते मीठ जास्त झालं म्हणून ओरडत होतं, भाऊजी. मीठ जास्त झालं की ते काम थांबवतं. क्लोरीन नाही म्हणून शेवाळ आलं, आणि शेवाळ पायरीवर आलं." ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मी ते बघणं ओळखतो, मी हजार वेळा गर्दीकडे तसं बघितलं आहे. कबूल करा, असं ते बघणं म्हणतं.

मी म्हटलं, मीठ कोणी घातलं याचा छडा लावावा लागेल.

ती कोठीत गेली, गाद्यांकडे बघितलं, परत आली. पाणी उपसायला पंप लावते, एवढंच म्हणाली.

७ मे, रविवार

सभा झाली. गेल्या कित्येक वर्षांतलं माझं सर्वांत चांगलं भाषण झालं, हे मी जड मनाने लिहितो.

मी कोणाचं नाव घेतलं नाही. मी फक्त प्रश्न विचारले. उद्घाटनाच्या दिवशी या पाण्याला अळणी म्हणून कोणी हिणवलं? पोत्यांनी मीठ कोणाच्या दारात उतरतं? मीठ वाढल्याचं तपासणीआधी, पट्टीआधी, यंत्राआधी कोणाच्या जिभेला कळलं? आणि कळलं, तर का कळलं? लोकांच्या माना एकेक करून एका बाजूला वळल्या. मी हे दृश्य आयुष्यभर पाहिलंय, पण अजूनही अंगावर काटा येतो. ज्या हाताने मीठ टाकलं त्याच हाताने पडलेल्या बाईला उचललं तर ते उपकार मानायचे का, असा शेवट केला. टाळ्या थांबत नव्हत्या.

पाणघोडा उभा राहिला. त्याचे ओठ हलले. त्याला बोलता येत नाही, कधीच येत नव्हतं, चेष्टा सोडून. "काका, मी तर तुम्हाला सांगायला आलो होतो," एवढंच म्हणाला.

हात वर झाले. त्याला तलावावर बंदी. मेहुणीने हात वर केला नाही. तिने खाली बघितलं. मला वाटलं होतं ती बोलेल. गाद्यांमागचं बोलेल. तिने बहिणीकडे बघून तोंड मिटलं असावं, असं मला नंतर वाटलं, पण बहीण तर तिथे नव्हती.

कोणी मला अळणीराव म्हटलं नाही आज.

९ मे, मंगळवार

दवाखान्यात गेलो तर हिच्या उशाशी कागदात गुंडाळलेला पाव होता, अजून कोमट. तुकडे करून खात होती. मी विचारलं, कोणी आणला?

"कोण आणणार?"

मी म्हटलं, त्याला बंदी आहे.

"तलावावर आहे. दवाखाना तुमच्या समितीचा नाही." तिने एक तुकडा पुढे केला. "घ्या. चाखा. तुमच्या जिभेवर भरवसा आहे ना तुमचा?"

चाखला. अळणी होता. कणभर मीठ नव्हतं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. म्हटलं, इतकं झालं तरी याचा टोमणा सुटत नाही. पाव पाठवून चेष्टा करतो.

तिने उरलेला पाव कागदात गुंडाळला. मग म्हणाली, "माझा रक्तदाब वाढलाय. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. तुम्ही रोज येता, तुम्ही विचारलं नाहीत. त्यानं विचारलं. माझ्यासाठी वेगळा घाणा लावला त्यानं."

मी खिडकीकडे बघितलं. खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं.

"त्यानं मला उचललं," ही म्हणाली. "पाण्यातून येईपर्यंत एकच म्हणत होता, काकू, काकांना सांगितलं होतं मी, काकांना सांगितलं होतं. मी त्याला म्हटलं, गप्प बस. आणि माझ्या ताईला फोन करून सांगितलं, तूही गप्प बस. आता तुम्ही भाषण करून आलात." तिने पावाचा चुरा चादरीवरून गोळा केला. "चांगलं झालं का?"

चांगलं झालं, म्हटलं.

१४ मे, रविवार

तलावातलं पाणी निम्म्याच्या खाली गेलं. मेहुणी म्हणते अजून थोडं काढून नवं भरलं की पट्टी जागेवर येईल. गटाराच्या कडेचं गवत, जिथून पाणी वाहतं तिथलं, करपून गेलं आहे.

हिला काल उभं केलं होतं. उभी राहिली नाही.

घरी आल्यावर चपला पुन्हा धुतल्या. ब्रशने, गरम पाण्याने, साबण लावून. धुतल्यावर स्वच्छ दिसतात. वाळल्या की पांढरं परत येतं.